अण्णा, ती ॲसिडची बाटली माझी होती

अण्णा,

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. पेपरात द्यायच्या चार ओळी चुलतभावाने लिहून दिल्या आहेत. तुमचा जन्म, कापसाच्या जिनिंगमधली फिटरची नोकरी, मागे कोण कोण, सगळं त्यात बरोबर आहे. मला त्यातलं काही लिहायचं नाही. एक गोष्ट फक्त तुम्हाला आणि मला माहीत होती, आख्ख्या उमरीत तिसऱ्या कुणाला नव्हती. परवा तुमच्या दहाव्याला मी ती सगळ्यांसमोर बोलून टाकली. तुम्ही मला गप्प राहायला सांगितलं होतं आणि मी सतरा वर्षं गप्प राहिले. परवा का राहवलं नाही, ते सांगायला बसले आहे.

बसले आहे तुमच्या स्वयंपाकघरात. तुमच्याच म्हणते, कारण मायचा स्वयंपाक एका फळीवर आणि तुमचं दुकान तीन फळ्यांवर. लिंबाच्या साली व्हिनेगरमध्ये बुडवलेली बरणी, जुनी चिंच, खडे मीठ, खायचा सोडा, रिठे, आणि मी सायट्रिक ॲसिड म्हणायची ते लिंबूफूल. प्रत्येक बरणीच्या गळ्याला जिनिंगमधून आणलेला लाल दोरा बांधलेला. लाल दोरा म्हणजे पुसायचं, बिनदोऱ्याचं म्हणजे खायचं. माय रोज कुरकुरायची, "घर हाय का किराणा दुकान?" आणि तरी माझ्या सासरची मंडळी पहिल्यांदा घरी आली तेव्हा गडबडीत दोऱ्याकडे न बघता तिने लिंबाचं लोणचं म्हणून तुमच्या बरणीतल्या साली वाढल्या. सासरे दोन फोडी खाऊन म्हणाले, जरा आंबट आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही मात्र त्यांच्यासमोर हसत सांगून टाकलं, "पाहुणे, ते खिडक्या पुसायचं हाय. पोटात गेलं तरी मानूस मरत न्हाई, हीच त्याची खुबी." सासरे इतके हसले की लग्न तिथंच ठरलं असं मी अजून म्हणते.

ही खुबी तुम्हाला का हवी होती, ते बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. लोकांना जे ठाऊक होतं ते खोटं होतं.

सतरा वर्षांपूर्वी मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, नांदेडला होस्टेलवर. विषय केमिस्ट्री, डोक्यात हवा. दिवाळीच्या सुट्टीत घरी येताना मी एक ॲसिडची बाटली आणि ब्लीचिंग पावडरचं पाकीट घेऊन आले, घराला जरा शहाणं करावं म्हणून. आपल्या बोअरच्या पाण्याने न्हाणीची फरशी, बादल्या, नळ, सगळ्यावर पांढरा थर चढलेला आणि मला त्याची लाज वाटायची. रविवार होता. तुम्ही गच्चीवर टाकी धूत होता, माय शेजारी रबियाखालाकडे गेली होती. मी आधी ब्लीचिंग टाकून घासलं. मनासारखं निघालं नाही, म्हणून वरून ॲसिड ओतलं.

बारावीत क्लोरीन कसा तयार करतात हे मी पाठ केलं होतं अण्णा. आकृतीसकट. त्यात मला पैकीच्या पैकी मार्क होते.

पिवळट हिरवा धूर उठला तशी मी ओढणी तोंडावर धरून पुढच्या दाराने अंगणात पळाले. आणि नेमकी माय मागच्या दाराने आत आली, सरळ त्या धुरात. तिला आधीच दमा. तुम्ही गच्चीवरून कसे उतरलात ते मला आठवत नाही. तिला उचलून बाहेर आणताना तुमचे स्वतःचे डोळे सुजलेले होते, एवढं आठवतं. पुढे तीन दिवस ती नांदेडला दवाखान्यात ऑक्सिजनवर होती.

हदगावहून आत्या धावत आल्या. तुमच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या, त्यांचा शब्द घरात खाली पडत नसे. त्यांनी माझ्यासाठी हदगावलाच एक स्थळ बघून ठेवलं होतं आणि पोरीची कॉलेजची दोन वर्षं झाली तेवढी पुरे, असा त्यांचा तगादा चालू होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांनी विचारलं, "कुणी केलं हे?" माझी मान खाली गेली. तुम्ही म्हणालात, "मी केलं. संगी तर पुस्तक घेऊन बसली होती समोरच्या खोलीत."

आत्या चहा आणायला गेल्या तेव्हा तुम्ही माझ्याकडे न बघता बोललात, "तू काहीच बोलायचं न्हाई. तुझी परीक्षा हाय."

खरं सांगू? मला तेव्हा वाईट वाटण्याआधी हायसं वाटलं. ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. ज्या बापाने माझ्या वाट्याचं ओझं उचललं त्याच्यासमोर मी बारीक तोंड करून उभी राहिले आणि मनात म्हणाले, सुटले बाई. परीक्षा दिली, पहिला वर्ग मिळाला, एम.एस्सी. झाली, लातूरला ज्युनिअर कॉलेजात लागले. आणि इकडे गल्लीत तुमचं नाव पडलं: फिटरनं बायकोला गॅस दिला.

माय घरी आली त्या दिवशी तुम्ही घरातल्या सगळ्या बाटल्या बाहेर काढल्या. फिनाईल, डांबराच्या गोळ्या, फवारे, सगळं. म्हणालात, आजपासून जे आपण खाऊ शकतो त्यानंच घर साफ होणार, आणि ते मी करणार. जिनिंगमध्ये तीस मशिनी सांभाळणारा माणूस दुसऱ्या दिवशी लुंगी खोचून न्हाणीत उकिडवा बसला.

तुम्हाला तेव्हा काही येत नव्हतं, हे पण लिहिलं पाहिजे. पहिल्याच आठवड्यात तुम्ही समोरच्या खोलीच्या शहाबादी फरशीवर लिंबू पिळून ठेवलं. नळावरचा थर जातो तर फरशी पण चकाकेल, असा हिशोब. चकाकायचं राहिलं बाजूला, सकाळी फरशीवर पांढुरके खडबडीत डाग. ते अजून आहेत, दिवाणाच्या पायाशी. रबियाखाला दारातून बघून कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अरे फिटरभाई, ये पत्थर चुन्याचा हाय! त्याला खट्टा चालतंय का? खाऊन टाकतंय ना!" खालांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कल्हईचं काम. भांडं कल्हईला बसवायच्या आधी चिंच-मिठाने घासून लख्ख करायचं काम खालांचं. कुठल्या धातूला काय सोसतं, कुठल्या दगडाला काय सोसत नाही, हे त्यांच्या बोटांत होतं. तुम्ही त्यांना गुरू केलं. रोज संध्याकाळी ड्यूटीवरून आलात की कुंपणापाशी उभं राहून एक प्रश्न विचारायचा.

मग तुमची पद्धत बसली. नळ आणि बादल्यांना लिंबाची साल आणि मीठ, नाहीतर लिंबूफुलाचं पाणी. शहाबादीला आणि ओट्याच्या कडप्प्याला आंबट अजिबात नाही, तिथे रिठ्याचं कोमट पाणी. देवघरातल्या पितळेला चिंच, तांब्याला आंबट ताक. शेगडीवरच्या ओशट थराला सोड्याचा लेप, अर्धा तास. सांडलेल्या तेलावर आधी ज्वारीचं पीठ टाकायचं, मगच फडकं. ते पीठ तुम्ही जिनिंगमध्येच शिकला होता, ग्रीसचे हात धुवायला तुम्ही सगळे तेच वापरायचे. कपाटात डांबराच्या गोळ्यांऐवजी कडुनिंबाचा वाळलेला पाला. आरशाला पाण्यात थोडं व्हिनेगर आणि जुना पेपर. मशिनीला जसं आठवड्याचं वेळापत्रक असतं तसं घराला लावलंत: सोमवारी नळ, बुधवारी शेगडी, शुक्रवारी मोरी. मोरीला तर तुम्ही मशिनीसारखा कान लावायचे, आतून कसला आवाज येतो म्हणून.

गल्लीला हसायला विषयच मिळाला. बाप्या माणूस, हातात लिंबाची साल. कट्ट्यावरचे म्हणायचे, "बायकोला गॅस दिला, आता पाप फेडून राहिला." मी सुट्टीत आले की हे माझ्या कानावर पडायचं. मी घरात येऊन तुमच्याकडे बघायची, तुम्ही दात घासायच्या जुन्या ब्रशने नळाची मान घासत असायचे. एकदा मी म्हटलं, "अण्णा, मी सांगते सगळ्यांना." तुम्ही वर न बघता म्हणालात, "त्याच्यानं नळ साफ होतोय का? ते मीठ दे इकडं."

पण खरं टोचणारं कट्ट्यावरचं नव्हतंच. टोचणारं घरातलं होतं. माय. तिला धुराआधीचं काहीच दिसलं नव्हतं, तिला जे सांगितलं तेच तिने धरून ठेवलं. खोकल्याची उबळ आली की ती म्हणायची, "तुमच्याच हातचं हाय हे." आणि तुम्ही पाण्याचा तांब्या देत म्हणायचे, "हाव, माझंच चुकलं." दर वेळी, त्याच आवाजात. मी समोर असताना पण. मी ताटातल्या भाकरीकडे बघत बसायची.

आता अभिमानाचं सांगते. तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही उठून मोरी बघायला गेला असता, म्हणून कधी सांगितलं नाही.

एका वर्षी तुम्ही लातूरला माझ्याकडे आला होता. डबा द्यायच्या निमित्ताने कॉलेजात आलात आणि लॅबमधल्या सिंकसमोर थबकलात. लातूरचं पाणी तुम्हाला माहीतच आहे, नळाच्या तोंडाशी दगड झालेला. तुम्ही विचारलं, "संगे, इथं तू केमिस्ट्री शिकवून राहिली?" माझ्या तासाची मुलं होती, सगळी हसली. तुम्ही कँटीनमधून पिळलेल्या लिंबांच्या साली मागवल्या, त्या नळाच्या तोंडावर फडक्याने बांधल्या आणि तास संपेपर्यंत बाकावर बसून राहिलात. तास संपल्यावर फडकं सोडलं, ब्रश फिरवला आणि थर खपल्या धरून खाली आला. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "आजोबा, हे कसं झालं?" तुम्ही म्हणालात, "कसं जातं ते मला विचार. कामून जातं ते तुझ्या मॅडमला विचार." मग मी फळ्यावर समीकरण लिहिलं. तेवढ्यात प्राचार्य डोकावले, "हे कोण?" मी इतक्या मोठ्याने "माझे वडील" म्हटलं की मुलं दचकली. आम्लाची क्षारावरची क्रिया मी दर वर्षी त्याच सिंकपासून सुरू करते. मुलं त्याला आजोबांची रिॲक्शन म्हणतात.

एका बाबतीत मात्र तुम्ही चुकत होता आणि मी ते आजही सोडणार नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र. तुम्ही मोरीत सोडा टाकायचे, वरून व्हिनेगर ओतायचे आणि फेस वर आला की फटाके बघणाऱ्या पोरासारखे खूश व्हायचे. किती वेळा सांगितलं की अण्णा, एक आम्ल आणि एक अल्कली, दोघं एकमेकांना संपवतात, शेवटी उरतं ते नुसतं खारट पाणी. वेगवेगळे वापरा, दोघं कामाचे. तुम्ही म्हणायचे, "फेस येतो ना? फेस काय उगंच येतो का?" जायच्या आदल्या रविवारी फोनवर हाच वाद. मी जरा चिडूनच म्हटलं की केमिस्ट्री मी शिकले आहे, तुम्ही नाही. मला वाटलं, आता तुम्ही ती जुनी गोष्ट काढाल. शिकलेल्या मुलीने न्हाणीत काय केलं होतं, ते. तुमच्याजागी मी असते तर नक्की काढली असती. तुम्ही म्हणालात, "बरं, पुढच्या शुक्रवारी नुसत्या सोड्यानं करून बघतो." तो शुक्रवार आला नाही.

आता परवाचं.

दहाव्याला सुतक फिटायच्या आधी आख्खं घर धुवून काढायची आपली रीत. आत्या सकाळीच पिशवी घेऊन उभ्या. पंच्याहत्तरी झाली तरी आवाज तोच. पिशवीत फिनाईलच्या दोन बाटल्या आणि न्हाणीसाठी ॲसिड. माय आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली. मी म्हटलं, "आत्या, हे नको. मायला सोसत नाही. मी अण्णांसारखं धुते."

आत्या म्हणाल्या, "सुतकाचं घर हाय हे, रोजचं न्हाई. दहा दिवसाचं घर लिंबानं धुतेत का? वास आल्याबिगर घर धुतलं मनून कोन म्हनंल?" मी पिशवी धरून ठेवली. बायका जमल्या होत्या, खालाही आल्या होत्या. आत्यांना पिशवी ओढता येईना, तशा त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या, "तुझ्या बापाचं कौतिक सांगू नको. त्यानंच तिला गॅस दिला होता. जलमभर लिंबू चोळून ते पाप धुतलं जातंय का?"

तुमचा फोटो समोर होता, हार घातलेला. तुम्ही असता तर म्हणाला असता, त्याच्यानं नळ साफ होतोय का. पण तुम्ही नव्हता, आणि तुमचं नाव मात्र त्या खोलीत उभं होतं, सतरा वर्षांच्या डागासकट. तो डाग काढायला घरात कुठलीच बरणी नव्हती. ते काम फक्त मलाच करता येणार होतं.

मी म्हटलं, "आत्या, ते अण्णांनी केलं नव्हतं. मी केलं होतं. बाटली मी आणली, पाकीट मी आणलं, ओतलं मी. अण्णा गच्चीवर होते. तुम्ही माझं शिक्षण थांबवाल म्हणून त्यांनी स्वतःवर घेतलं."

आत्या खाली बसल्या. बसल्या बसल्याच म्हणाल्या, "थांबवलंच असतं मी." मग उठल्या, पिशवीचं तोंड बांधलं आणि ती फाटकाबाहेर ठेवून आल्या. परत आल्यावर लुगडं खोचून मला म्हणाल्या, "सांग, पहिलं काय करायचं?"

मग आम्ही तुमचं घर तुमच्यासारखं धुतलं. खालांनी घरून चिंचेचा गोळा आणून देवघराचं पितळ घेतलं, आत्यांना मी रिठ्याच्या पाण्याची बादली दिली आणि शहाबादीला आंबट लागू देऊ नका म्हणून दोनदा बजावलं. न्हाणी मी कुणाला दिली नाही. लिंबूफूल आणि ब्रश घेऊन जिथे मी ते ओतलं होतं तिथेच गुडघ्यांवर बसले आणि कोपरा न कोपरा घासला. रडले पण. आणि तुम्हाला सांगते, रडताना पण मला ताठ वाटत होतं. माझ्या बापाने एक काम हातात घेतलं आणि लोक हसत असताना, घरातलं माणूस बोलत असताना, एक सोमवार एक शुक्रवार न चुकवता सतरा वर्षं केलं. असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

माय त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. जेवली, पण बोलली नाही. काल सकाळी चहा घेताना तिने विचारलं, "मी खोकलले की त्यांना बोलायची. आन ते 'हाव' म्हनायचे. कामून म्हनायचे गं 'हाव'?" मी म्हटलं, माझ्यासाठी. ती म्हणाली, "तू तर समोर बसून ऐकायचीस." तिने मला माफ केलं की नाही ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही, तेवढा हक्क मला नाही.

आज मी लिहायला बसले तर ती येऊन पाटावर बसली. काय लिहून राहिली, म्हणाली. अण्णांना लिहिते आहे, म्हटलं. तिला लिहिता येत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. मग म्हणाली, "माझं बी लिही त्याच्यात." मी पेन धरून थांबले. ती सांगत गेली तसं लिहिते, माझा एक शब्द त्यात नाही.

"म्हनावं, मी जे जे बोलले ते समदं मागं घेतलं. आन म्हनावं, दहाव्याला आख्खं घर धुतलं, न्हाणीसकट. मी आतच बसले होते. मला एकदा बी खोकला आला न्हाई."